पाकिटाच्या आधी

मंदारचं भाषण छान झालं, पोरांनी टाळ्या दिल्या. मला मात्र घरी आल्यापासून चैन पडत नाही.

'कॉपीलेफ्ट' म्हणजे सॉफ्टवेअर मोकळेपणी वापरू-बदलू देणारा, पण पुढंही तसंच मोकळं ठेवायला लावणारा परवाना. त्या शब्दाची गोष्ट त्यानं रंगवून सांगितली. १९८४-८५च्या सुमारास डॉन हॉपकिन्स नावाच्या प्रोग्रामरनं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभारणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनला पत्र धाडलं. पाकिटावर गमतीची वाक्यं खरडलेली, त्यातलं एक 'कॉपीलेफ्ट – ऑल राइट्स रिव्हर्स्ड'. स्टॉलमननं तेच नाव उचललं. खरंच आहे, त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. पण लि-चेन वांगचं नाव मंदारच्या तोंडून एकदाही आलं नाही.

१९७६. बिल गेट्सनं हौशी संगणकवाल्यांना जाहीर पत्र लिहून 'आमचं बेसिक (प्रोग्रामिंगची भाषा) चोरता' म्हणून झापलेलं, तेच साल. वांगनं इंटेलच्या ८०८० या प्रोसेसरसाठी 'पालो आल्टो टायनी बेसिक' लिहिलं, जेमतेम दोन किलोबाइटांत मावणारं. ते मासिकात छापून आलं. कोडच्या माथ्यावर, जिथं एरवी कॉपीराइटची ओळ असते तिथं, '@कॉपीलेफ्ट' आणि त्याखाली 'ऑल राँग्ज रिझर्व्ह्ड'. पाकिटाच्या किती आधी! आणि आज सभेत त्याचा साधा उल्लेख नाही.

एवढं का लागावं मला? वांग काही माझा कोणी नाही. मी केलेल्या त्या शब्दसूचीचं आठवलं बहुतेक. रात्र रात्र बसून ऱ्हस्व-दीर्घ तपासले होते, आता ती कुठं कुठं वापरली जाते, आणि कुणाला... जाऊ दे. आईही तेव्हा आजारी होती.

जेवण झाल्यावर वांगचा तो कोड पुन्हा उघडला. ओळ आहे, पण अट कुठंच नाही. टँडी कंपनीनं १९७७च्या आपल्या टीआरएस-८० संगणकाचं पहिलं बेसिक याच्यावरच बेतलं. अडवणार कोण? स्टॉलमनला हेच चांगलं पोळलेलं. त्यानं आपला लिस्प इंटरप्रिटर (लिस्प भाषेतले प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम) सिम्बॉलिक्स कंपनीला वापरायला दिला, त्यांनी तो सुधारला, आणि यानं सुधारणा मागितल्यावर चक्क नाही म्हणाले. म्हणून आधी ईमॅक्स या आपल्या टेक्स्ट एडिटरच्या परवान्यात आणि १९८९मध्ये जीपीएल या सर्वसाधारण परवान्यात त्यानं अट घातली: घ्या, बदला, हवं तर विका, पण पुढच्याला हेच हक्क द्या. वांगच्या ओळीत नसलेलं बळ इथं आलं. तेव्हा मंदारनं गोष्ट पाकिटापासून सुरू केली, त्यातही तथ्य आहे. मूळ कॉपीराइटची ओळ पुसू नका, असंही परवाना सांगतो. सभेत नाव घ्या, असं कुठलं कलम सांगणार?

माझी सूची वापरात आहे. मला तेवढं पुरायला हवं. आज थोडं पुरतंयही.

वांगचं ते पान मंदारला पाठवलं. लगेच उत्तर आलं, "भारी आहे हे! ८०८०चं असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांतला कोड, मला वाचता येईल का?" येईल की. रविवारी त्याला घरीच बोलावलंय.