ताहोच्या उगमाकडे, सायकलवरून

पूर्व स्पेनमधल्या तेरुएल प्रांतात सायकल चालवायला जा, असं सहसा कुणी सुचवत नाही. सायकलवाल्यांची झुंबड असते ती मायोर्का बेटावर, हिरोनाच्या आसपास, नाहीतर पिरेनीजच्या घाटांत. तिथले रस्ते सुंदर आहेतच. पण मला हवे होते गावाकडचे रस्ते, जिथे चढावर स्वतःचा श्वास आणि उतारावर टायरचा आवाज एवढंच ऐकू येईल. आल्बारासीनच्या डोंगररांगेत ते मनाजोगते मिळाले. रोयुएला गावाच्या दिशेने निघाले तेव्हा बराच वेळ समोरून काहीच आलं नाही. मग आली ती पावाची व्हॅन. गावात दुकान उरलेलं नाही, म्हणून पाव असा चाकांवरून येतो. चौकात हॉर्न वाजला की पिशव्या घेऊन मंडळी बाहेर पडतात.

हा प्रांत सुमारे १४,८०० चौरस किलोमीटरचा आणि लोकवस्ती जेमतेम एक लाख पस्तीस हजारांच्या घरात. चौरस किलोमीटरमागे नऊ माणसं. आपल्या महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेत हाच आकडा ३६५ होता. हे डोक्यात ठेवलं की तिथली शांतता कुठून येते ते समजतं.

सुरुवात आल्बारासीनहून करावी. गुलाबी-तांबूस गिलाव्याची घरं एकमेकांवर रेललेली, गल्ल्या इतक्या अरुंद की वरच्या मजल्यांचे सज्जे समोरासमोर येऊन टेकायचेच बाकी. गावामागच्या टेकडीवर तटबंदी सरळ चढत जाते. अकराव्या शतकात इथे बनू रझीन या बर्बर घराण्याचं छोटं राज्य होतं, गावाचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. १९६१मध्ये अख्खं गाव राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी होते, पण गावाची वेस ओलांडली की ती मागे राहते.

पाय मोकळे करायला आधी बेसासच्या रस्त्याने रोदेनोच्या पाइनवनात जाऊन आले. लाल वालुकाश्माचे प्रचंड गोटे आणि मधून वाढलेली उंच झाडं. काही बुंध्यांवर जुन्या खाचा दिसतात, एकेकाळी इथे राळ काढण्याचा धंदा होता. याच खडकांच्या आडोशाला प्रागैतिहासिक चित्रं आहेत, बैल, हरणं, धनुर्धारी. पूर्व स्पेनमधल्या अशा शेकडो चित्रस्थळांना १९९८मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. सायकल झाडाला टेकवून थोडं चाललं की चित्रांपाशी पोचता येतं.

खरा प्रवास मात्र रोयुएला, कालोमार्दे, फ्रियास आणि पुढे ताहो नदीचा उगम असा. आल्बारासीन सुमारे बाराशे मीटरवर आहे, उगम सोळाशेच्या जवळ. चढ लांबलचक असला तरी अंगावर येत नाही. मधला गिअर टाकून गप्पा मारत जावं इतका सौम्य. कालोमार्देपाशी धबधबा आहे. त्यापुढे चुनखडीची अरुंद दरी लागते, कडे दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि भर दुपारी गार वाटू लागतं. फ्रियासच्या वर पोचलं की सगळं एकदम उघडं होतं. पठार, वारा आणि जमिनीला बिलगून गोल चकत्यांसारखी पसरलेली सबीनाची झुडपं. हिवाळ्यात इथे काय होत असेल याची कल्पना यावी म्हणून सांगते: याच प्रांतातल्या कालामोचा भागात १९६३च्या डिसेंबरात तापमान उणे ३० अंशांपर्यंत उतरलं होतं.

डांबर गुळगुळीत होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाहनचालक. सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचं हा स्पेनचा कायदा आहे, आणि तिथे तो पाळला जाताना मी पाहिला. समोरचं वळण दिसत नसेल तर ट्रॅक्टरवाला मागेच थांबतो, हॉर्न न वाजवता. दोघांनी शेजारी-शेजारी सायकल चालवायलाही परवानगी आहे. गावाबाहेर हेल्मेट मात्र सक्तीचं. पुण्या-मुंबईच्या हमरस्त्यांवर जीव मुठीत धरून सायकल चालवणाऱ्यांना हे दीड मीटर म्हणजे काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको.

ताहोच्या उगमाशी दगड-लोखंडाची मोठमोठी शिल्पं उभी आहेत. नदी स्वतः मात्र ओंजळभर. शाळेच्या भूगोलात आपण तिला टॅगस म्हणून शिकतो. इथून सुमारे हजार किलोमीटर वाहत जाऊन ती लिस्बनला अटलांटिकला मिळते. १४९७मध्ये वास्को द गामाची जहाजं याच नदीच्या मुखातून सुटली होती, आणि पुढे गोव्याकडे येणारी पोर्तुगीज गलबतंही तिथूनच. कोकणाच्या आणि गोव्याच्या इतिहासाला वळण देणारी ती खाडी आणि गवतातून झिरपणारं हे पाणी एकच, हे तिथे उभं राहून मनात उतरायला मला वेळ लागला. आणखी एक नवल म्हणजे जवळच ग्वादालाव्यार गावाच्या वर उगम पावणारी नदी अगदी उलट दिशेला जाते. पुढे तुरिया हे नाव घेऊन ती व्हॅलेन्सियाला भूमध्य समुद्रात पडते. सायकलवरून तुम्ही एका समुद्राच्या पाणलोटातून दुसऱ्याच्या पाणलोटात जाता, आणि मध्ये घाटमाथा असा फारसा जाणवतही नाही.

वर आकाशात गिधाडं होती. एकदोन नव्हे, थवेच्या थवे, कड्यांवरून निघून उन्हात घिरट्या घालणारे. मी कितीतरी वेळ मान वर करून उभी होते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली गुरं खाऊन, गिधाडं कशी भराभर संपली हे मी वाचलं होतं. २००६मध्ये भारताने जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर फार उशीर झाला होता. युरोपातली बहुसंख्य ग्रिफन गिधाडं आज स्पेनमध्ये आहेत. आणि त्याच स्पेनने २०१३मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली. आपल्या देशातला धडा समोर असताना हे का व्हावं, याचा मला राग आला आणि अजूनही येतो.

खाण्याचं नियोजन गावच्या बारभोवती करावं लागतं. दुपारी दोन ते पाच सगळं सामसूम असतं, तेव्हा त्याआधी पोट भरून घ्यावं. सकाळी दहा-अकराला तिथली माणसं दणकून खातात, पावात हॅम, तळलेली अंडी, सोबत कॉफी. तेरुएलचं हॅम स्पेनभर नावाजलेलं आहे. शाकाहारी मंडळींना बटाट्याचं आम्लेट चालत असेल तर उपाशी राहायची वेळ येत नाही. नसेल तर सॅलड, चीज आणि पाव. पाण्यासाठी चौकाचौकात कारंजी आहेत, फक्त पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना, हे बघून बाटली भरावी.

अशाच एका बारबाहेरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. कुठून आलात विचारलं, भारत ऐकल्यावर हाताने बाकाची जागा झटकून बसा म्हणाल्या. मुलगा साराग्होसाला, मुलगी व्हॅलेन्सियाला. ऑगस्टात सगळे येतात, घरं उघडतात, चौकात मुलं ओरडतात. मग सप्टेंबरात पुन्हा कुलपं. हा बारसुद्धा ग्रामपंचायतीचा, चालवायला कुटुंब मिळालं म्हणून उघडा आहे. बार बंद झाला की भेटायची जागा जाते, असं त्या अगदी साधेपणाने सांगत होत्या.

या भागाने हे सगळं मुकाट सोसलेलं नाही. ‘तेरुएल एक्सिस्ते’, म्हणजे तेरुएल अस्तित्वात आहे, या नावाची नागरिकांची चळवळ १९९९मध्ये उभी राहिली. मागण्या साध्या होत्या, रेल्वे, रस्ते, दवाखाने. ३१ मार्च २०१९ला रिकाम्या होत चाललेल्या प्रांतांतली हजारो माणसं माद्रिदच्या रस्त्यावर उतरली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात या चळवळीचा एक खासदार निवडून आला. मला सुखावणारी शांतता आणि त्या आजींना खुपणारी शांतता एकच आहे, हे कळल्यावर मी प्रवासाची पद्धत बदलली. सामान शहरातून भरून न नेता वाटेतल्या गावांत घेतलं, मुक्काम गावातल्या घरांत केला आणि दिसेल त्या बारमध्ये थांबले. इथे येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याने एवढं करावंच, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना चढ नको असेल त्यांच्यासाठी ओहोस नेग्रोसची जुनी खाणरेल्वे आहे. १९०७ ते १९७२ या काळात लोहखनिज सागुंतोच्या बंदराकडे नेणाऱ्या त्या मार्गावर आता सायकलवाट आहे, बोगदे आणि पूल सगळे शाबूत. बराच भाग कच्चा असल्याने जाड टायर लागतात.

जायचं तर मे-जून किंवा सप्टेंबर. शक्य असेल तर जून गाठा. ग्वादालाव्यारमध्ये मेंढपाळांच्या स्थलांतराचं संग्रहालय आहे. इथले कळप नोव्हेंबरात दक्षिणेला सिएरा मोरेनाच्या उबदार कुरणांत जातात आणि जूनमध्ये परततात. काही आजही पायी, जवळपास महिनाभर चालत, पूर्वापार राखलेल्या रुंद गुरवाटांनी. कोकणात उतरणारे आपले धनगर पाहिलेल्यांना ते दृश्य ओळखीचं वाटेल. कळप समोर आला तर सायकलवरून उतरा, रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि कुत्र्यांना शांतपणे जाऊ द्या.