तुम्ही विचारलंत म्हणून: नेरूळ सोडून अंधेरीला का?

"राहतेस नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियम घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि फुटबॉलची टीम मात्र अंधेरीची? हे कसलं खूळ?" ऑफिसात, सोसायटीच्या गणपतीत, माहेरी कोल्हापूरला, कुठेही गेलं तरी हा प्रश्न माझ्याआधी तिथे हजर असतो. इतकी वर्षं हसून विषय बदलला. आता एकदाच सविस्तर सांगते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

पहिली गोष्ट, टीम अंधेरीची नव्हतीच. २०१४मध्ये आयएसएल, म्हणजे फुटबॉलची इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा माझ्या टीमचं, मुंबई सिटीचं घर नेरूळलाच होतं. घरच्या पहिल्या मॅचला पुण्याला पाच-शून्यने धुतलं, आंद्रे मोरित्झची हॅट्ट्रिक. पुढच्या वर्षी नॉर्थईस्टविरुद्ध सुनील छेत्रीने तीन गोल मारले आणि आयएसएलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला भारतीय ठरला. तेही इथेच. २०१६ला क्लबने बिऱ्हाड अंधेरीच्या क्रीडा संकुलात हलवलं. गेले ते. मी जिथे होते तिथेच आहे.

आणि ते का गेले असतील, हे स्टेडियममध्ये बसून फुटबॉल पाहिलेल्या कुणालाही कळेल. वास्तू देखणी आहे, वादच नाही. आर्किटेक्ट हाफिज कॉन्ट्रॅक्टर यांनी छत असं बांधलंय की कुठल्याही खुर्चीवरून मध्ये खांब येत नाही. पण मैदान क्रिकेटचं, गोलाकार. त्यात फुटबॉलचा आयत आखला की गोलपोस्टच्या मागे हिरवळीचा भला मोठा तुकडा उरतो आणि कॉर्नर घेणारा कोण, हे ओळखायला डोळे बारीक करावे लागतात. शिवाय खुर्च्या ४० हजारांहून जास्त. बरी गर्दी झाली तरी मुलीकडची माणसं न आलेल्या लग्नाच्या हॉलसारखं दिसतं. अंधेरीला जेमतेम काही हजार माणसं मावतात, पण तिथे आपण ओरडलेलं गोलकीपरला ऐकू जातं. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या आमच्या चाहत्यांच्या गटातल्या पोरांचे ढोल घरी आल्यावरही डोक्यात वाजत राहतात. त्यासाठी हार्बरने कुर्ला, तिथे पूल चढून मेन लाइन, घाटकोपरहून मेट्रो आणि आझाद नगर. येताना तेच उलटं, दुसऱ्या दिवशी ऑफिस. त्रास होतो. होत नाही असं कधी म्हटलंय मी?

आता माझ्या भावाचा मुद्दा. "ताई, तुझी टीम मालकाची गं, पेठेची न्हवं." कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशी नावं घेतली की तालीम आणि पेठ सोबत येतेच. शाहू स्टेडियमवर कुणाच्या बाजूने बसायचं हे पोराच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. गंमत म्हणजे २०१४मध्ये मी नवऱ्याला हेच ऐकवलं होतं. मालक रणबीर कपूर, खेळायला उतारवयातले ल्युंगबर्ग आणि अनेल्का, ही कसली टीम? पुढे २०१९मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपने मोठा हिस्सा घेतला तेव्हा भावाचा फोन आलाच. त्याला काय उत्तर देणार? २०२१ला आम्ही लीगमध्ये पहिलं येण्याची शील्ड आणि फायनलचा कप दोन्ही जिंकले, तेही करोनामुळे गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये. पण नेरूळमध्ये मी पेठ आणू कुठून? सिडकोने सेक्टर पाडले, आम्ही बाहेरून येऊन त्यात राहिलो. शिरवण्याच्या, करावेच्या गाववाल्यांनी पेठेची भाषा केली तर शोभेल. मी कुठल्या तोंडाने करू?

आणि ६ नोव्हेंबर २०२३. खरं तर तुम्हाला हेच सांगायचं होतं.

एएफसी चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची मोठी स्पर्धा, समोर सौदीचा अल हिलाल, आणि मॅच नेरूळला! क्लब एका रात्रीपुरता का होईना घरी येणार होता. नेमार खेळणार म्हणून तिकिटांवर उड्या पडल्या होत्या. ऑक्टोबरात ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला आणि तो आलाच नाही. माणसं मात्र आली. माझा पुतण्या नेमारचा दहा नंबरचा ब्राझीलचा पिवळा शर्ट घालून निघाला, मी आमच्या टीमचा आकाशी. आमच्या रांगेत आकाशी शर्टात मी एकटीच. सोसायटीतले चार-पाच ओळखीचे चेहरे होते, सगळे पिवळे नाहीतर हिलालचे निळे.

मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. मला वाटत होतं, आता तरी ही माणसं आपल्या बाजूने ओरडतील. आम्हाला कॉर्नर मिळाला तशी मी उभी राहिले, तर मागून आवाज: "काकू, बसा ना, दिसत नाहीये." बसले. मग उत्तरार्धात हिलालचा गोल झाला आणि अख्खी रांग उभी राहिली. मोबाइल वर, शिट्ट्या, मिठ्या. पुतण्याही उडी मारून उभा. माझ्याकडे लक्ष गेलं तसा खाली बसला आणि म्हणाला, "काकू, पण ते भारी आहेत ना." आहेतच. आधीच्या महिन्यात रियाधला त्यांनी आम्हाला सहा गोल घातले होते. पण घरच्या मैदानावर पाहुण्यांचा गोल शेजारीपाजारी साजरा करतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. दोन-शून्यने हरलो. त्याचं मला इतकं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर मॅक्सवेलने नाबाद २०१ केल्या आणि ऑफिसात आमची मॅच कुणाच्या तोंडीही नव्हती.

त्या लोकांवर मी चिडले होते, अजूनही थोडी चिडते. पण तिकीट त्यांनी त्यांच्या पैशाने काढलं होतं. सात वर्षं ज्या क्लबने इकडे तोंड दाखवलं नाही, त्याच्यासाठी त्यांनी का ओरडावं? मग मी का ओरडते? इथे माझी गाडी अडते.

आपल्या लोकांना ओरडता येत नाही असंही नाही. २ नोव्हेंबर २०२५ला महिला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल इथेच नेरूळला होती, मी मात्र घरीच होते. मोबाइलवर शेवटचा बॉल पडायच्या आतच स्टेडियमच्या दिशेने गर्जना आली. हरमनप्रीतचा कॅच मी नंतर पाहिला. आनंदाने रडले, आणि खोटं कशाला बोलू, जळलेसुद्धा.

उद्या क्लब नेरूळला कायमचा परत आला तर? नवरा म्हणतो, तुझी दगदग वाचेल. मला ते हवंय की नको, हे रोज बदलतं. सध्या एवढंच ठरलंय की पुतण्या पुढच्या मॅचला अंधेरीला येणार आहे. शर्ट मात्र पिवळाच घालणार म्हणतो. घाल म्हटलं, फक्त केरळची मॅच सोडून, त्यांचा शर्टही पिवळाच.