2 टीबीच्या पलीकडचा सेक्टर

"ताई, ह्यात पार्टिशनच दिसंना झालंय."

शनिवारची दुपार होती. विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी आणि ही मुलगी, दोघीच. ती तासगावहून रोज येते, नोकरीला लागून तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. आम्ही सर्व्हरच्या डिस्कची हुबेहूब प्रत एका फाइलमध्ये उतरवणारा बॅकअप प्रोग्रॅम बनवतो. त्यातून डिस्क परत उभी करण्याची रंगीत तालीम दर तीन महिन्यांनी करायची, हा आमचा नियम. त्या दिवशी मिरजेतल्या एका तपासणी केंद्राची पाळी होती. सीटी, एमआरआय, एक्स-रे, सगळ्या पेशंटांची सगळी चित्रं त्या एका सर्व्हरवर. दीड महिन्यापूर्वीच त्यांनी 2 टीबीची (टेराबाइटची) डिस्क काढून 4 टीबीची बसवली होती.

मला वाटलं, केबल सैल असेल. केबल बदलली, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली. तेच. आमच्या प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये मात्र दीड महिन्याच्या प्रत्येक रात्रीपुढे एकच ओळ होती: पडताळणी यशस्वी.

शेवटी इमेज फाइलच, म्हणजे डिस्कची प्रत असलेली फाइल, एकेक बाइट कच्चा दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडली. एवढ्या मोठ्या डिस्कवर पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या कप्प्यांचा, तक्ता जीपीटी पद्धतीचा असतो, आणि त्याची खूण म्हणजे सेक्टर 1 च्या (सेक्टर म्हणजे डिस्कचा छोटा तुकडा, मोजणी शून्यापासून) सुरुवातीची 'ईएफआय पार्ट' ही अक्षरं. ती अक्षरं तिथं नव्हती. अर्थ न लागणारे बाइट होते नुसते. मी खाली सरकत गेले. सेक्टर 8 ला आले तर ओळीनं 128 शून्यं, आणि त्यानंतर चार अक्षरं: डी, आय, सी, एम.

दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस ही चार अक्षरं झोपेतही ओळखेल. डायकॉम फाइल, म्हणजे सीटी-एक्स-रेची चित्रं ठेवायची फाइल, अशीच सुरू होते: 128 बाइटांची मोकळी जागा आणि मग ही खूण. म्हणजे डिस्कच्या अगदी तोंडाशी, जिथं पार्टिशनचा तक्ता हवा तिथं, कुणाची तरी तपासणी येऊन बसली होती.

फाइल कुणाची ते उघडून बघितलं नाही, फक्त आतली तारीख काढली. मागच्या आठवड्यातली. मूळ डिस्कवर ही फाइल कुठं आहे ते केंद्राच्या टेक्निशियनला फोनवरून एकेक कमांड सांगत शोधलं. त्यानं वाचून दाखवलेला सेक्टर नंबर मी कागदावर लिहिला: 4,29,49,67,304. त्यातून 8 वजा केले. उरले 4,29,49,67,296. हा आकडा प्रोग्रॅमरला पाठ असतो. दोनाचा बत्तिसावा घात.

पोटात खड्डा पडला. कारण तो कोड माझा होता, नऊ वर्षांपूर्वी लिहिलेला.

झालं होतं ते असं. डिस्क 512 बाइटांच्या सेक्टरांत मोजतात. डिस्कवरची जागा आमच्या प्रोग्रॅमला बाइटांत, 64 बिटांच्या आकड्यात मिळत होती, तिथपर्यंत सगळं बरोबर. पुढं मी तिला 512 ने भागून सेक्टर नंबर काढला होता आणि तो 32 बिटांच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या खान्यात, ठेवला होता. त्यात जास्तीत जास्त 4,29,49,67,295 मावतं. शून्य धरून झाले 4,29,49,67,296 सेक्टर. त्यांना 512 ने गुणलं की बरोबर 2 टीबी होतात, हजाराच्या नव्हे, 1024 च्या हिशेबातले. त्यापुढचा पहिला सेक्टर आला की व्हेरिएबलमध्ये शून्य. 4 टीबीच्या डिस्कवर 7,81,40,37,168 सेक्टर असतात. म्हणजे सुमारे 352 कोटी सेक्टर असे, की त्यांच्यावर काही लिहिलेलं असेल तर ते इमेजमध्ये सुरुवातीच्या सेक्टरांवर जाऊन बसणार.

जास्त लागलं ते पुढच्या ओळीनं. सेक्टर नंबरला परत 512 ने गुणताना मी काळजीपूर्वक 64 बिटांचा कास्ट घातला होता, म्हणजे आकडा आधी 64 बिटांत रुंद करून घेतला होता, वर टिप्पणीही होती: 'इथे ओव्हरफ्लो होऊ शकतो, कास्ट काढू नये.' गुणाकारात आकडा खान्यात मावेनासा होतो, म्हणजेच ओव्हरफ्लो होतो, ही भीती मला ठाऊक होती. दोन 32 बिटी आकडे गुणून उत्तर 64 बिटी व्हेरिएबलमध्ये ठेवलं, तरी गुणाकार 32 बिटांतच होतो आणि वरचे बिट आधीच गेलेले असतात, हे मी नव्या मुलांना शिकवतेसुद्धा. पण आकडा एक ओळ आधीच कापला गेला होता. कापलेल्या आकड्याला मी फार जपून गुणत होते.

मग पडताळणी कशी यशस्वी होत होती? प्रत्येक ब्लॉक लिहिला की आमचा प्रोग्रॅम तो लगेच परत वाचून ताळा घेतो. पण वाचायलाही तेच फंक्शन. चुकीच्या जागी लिहिलेलं त्याच चुकीच्या जागेवरून वाचलं की ताळा जुळणारच. त्या जागी आधीपासून जे होतं ते पुसलं गेलं, पण त्याची पडताळणी तर तासाभरापूर्वीच होऊन गेली होती. चार वेळा कागदावर मांडून बघितलं, तेव्हा कुठं पटलं. चाचण्यांतही हेच. आमच्या सगळ्यात मोठ्या चाचणीची डिस्क 500 जीबीची होती.

ओव्हरफ्लो हा शब्द सांगलीत कानाला वेगळा लागतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्याही वर गेलं होतं. नदी पात्राबाहेर आली की गल्लीत दिसते, माणूस सामान माळ्यावर टाकतो. आकडा पात्राबाहेर गेला की काहीच दिसत नाही. जुन्या मोटरसायकलचा काटा 99999 नंतर गुपचूप 00000 दाखवतो, तसा तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि शून्य हा सेक्टर नंबर म्हणून अगदी रीतसर असतो.

केंद्राच्या डॉक्टरांना मीच फोन केला. "डॉक्टर, मागच्या दीड महिन्याचा बॅकअप भरवशाचा नाही. चूक आमच्या प्रोग्रॅमची आहे. आत्ताची डिस्क व्यवस्थित चालू आहे, तिला काही झालेलं नाही. फक्त कपाटातली जुनी डिस्क कुणाला देऊ नका, पुसूही नका."

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आज रात्री इथली डिस्क गेली तर काय होईल?"

"जुन्या डिस्कवर आहे तेवढं मिळेल. दीड महिन्याचं जाईल."

"मग आज रात्रीच काहीतरी करा."

संध्याकाळी दोघी मिरजेला गेलो, एक कोरी डिस्क नेली, आणि आमचा प्रोग्रॅम बाजूला ठेवून साध्या फाइल-कॉपीनं सगळं उतरवायला लावलं. ते पहाटेपर्यंत चाललं.

सोमवारपासून दुरुस्ती सुरू केली. एका ओळीतला 32 चा 64 करून मोकळं होता आलं असतं. पण नऊ वर्षं एक चूक डोळ्यांआड राहिली तर आणखी किती असतील? आमचा कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर म्हणजे जीसीसी. त्यात 'डब्ल्यू-कन्व्हर्जन' म्हणून इशारा आहे, मोठा आकडा लहान खान्यात कोंबला की सांगणारा. 'वॉल' आणि 'एक्स्ट्रा' हे नेहमीचे इशारे चालू करणारे दोन्ही पर्याय लावले तरी तो चालू होत नाही, वेगळा मागावा लागतो. आम्ही तो कधीच मागितला नव्हता. मागितला तर तीनशेच्या वर इशारे आले, आणि त्यांत ती ओळही होती.

ते इशारे एकेक करून मिटवत असताना त्या मुलीच्या हातून जे झालं, ते मी आता प्रत्येक नवीन माणसाला दाखवते. ऑफसेट, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीपासूनचं बाइटांतलं अंतर, 64 केबीच्या पटीत खाली आणायला आम्ही मास्क, म्हणजे नको ते बिट शून्य करणारा आकडा, वापरायचो: ब्लॉकच्या आकारातून 1 वजा, त्याचे बिट उलटे, आणि ऑफसेटशी 'अँड'. ब्लॉकचा आकार साधा 'इंट', म्हणजे ऋण आकडाही घेणारा 32 बिटी प्रकार, होता. तिनं इशारा जावा म्हणून तो 'अनसाइन्ड', म्हणजे ऋण न होणारा, केला. दिसायला उलट जास्त शहाणपणाचं. पण 'इंट' असताना उलटलेला आकडा ऋण असतो, 64 बिटांत रुंदावताना त्याच्या वरच्या बिटांत एक भरले जातात आणि मास्क बरोबर चालतो. 'अनसाइन्ड' झाला की वर शून्यं भरली जातात, आणि ऑफसेटचे वरचे 32 बिट पुसले जातात. म्हणजे 4 जीबीच्या पुढचं सगळं पुन्हा पहिल्या 4 जीबीत. इशारा गेला आणि आधीपेक्षा वाईट चूक आत आली.

ती पाच मिनिटांत पकडली गेली, कारण तोवर आम्ही नवीन चाचणी लिहिली होती. त्यासाठी मोठी डिस्क लागतच नाही. 'ट्रंकेट' कमांडनं 4 टीबीची विरळ फाइल क्षणात तयार होते, आणि जेवढं लिहू तेवढीच जागा खाते. 2 टीबीच्या एक ब्लॉक अलीकडे, बरोबर 2 टीबीवर आणि एक ब्लॉक पलीकडे वेगवेगळी खूण लिहायची. शून्यावरही एक. 4 जीबीच्या सीमेवर तसंच. सगळं लिहून झाल्यावर सगळं वाचायचं, आणि वाचणारा आमचा कोड नव्हे, 'डीडी' ही बाइट उतरवून घेणारी वेगळी कमांड. एवढी चाचणी नऊ वर्षांपूर्वी लिहिली असती तर अर्धा तास लागला असता.

मुलीनं तोंड पाडलं होतं. मी म्हटलं, "अगं, चाचणीनं पकडलं ना? माझं कुणी पकडलं नव्हतं."

इमेज फाइलच्या हेडरकडेही, म्हणजे तिच्या सुरुवातीला असलेल्या माहितीकडे, मग वळलो. इमेज फाइल बाहेरून येते, तिच्यातला आकडा कुणी लिहिला हे आपल्याला ठाऊक नसतं. नोंदी 53,68,70,912 आणि प्रत्येक नोंद 8 बाइटांची असं हेडर सांगत असेल, तर 32 बिटांत गुणाकाराचं उत्तर शून्य येतं. शून्य बाइट मेमरी मागितली जाते आणि तिच्यात कोट्यवधी नोंदी भरायला घेतल्या जातात. ही नुसती कल्पना नाही. आभासी मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅमच्या डिस्क इमेज वाचणाऱ्या कोडमध्ये 2014 साली अशा अनेक चुका एकगठ्ठा सापडून दुरुस्त झाल्या. त्यांतल्या पूर्णांक ओव्हरफ्लोंना सुरक्षेतल्या चुकांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-2014-0143 हा क्रमांक आहे. आम्ही प्रत्येक आकड्याला कमाल मर्यादा घातली, आणि गुणाकार जीसीसी 5 पासून मिळणाऱ्या, ओव्हरफ्लो झाला की कळवणाऱ्या फंक्शनांतून करायला लागलो. बेरजेची तपासणीही बदलली. 'ऑफसेट अधिक लांबी ही ऑफसेटपेक्षा कमी आली तर चूक' असं आधी होतं. साइन्ड, म्हणजे ऋणही होऊ शकणाऱ्या, आकड्यांत ओव्हरफ्लो होतच नाही असं धरायची कंपायलरला मुभा आहे, त्यामुळे तो ही अख्खी तपासणी काढून टाकू शकतो. आता आम्ही उलट विचारतो: कमाल आकड्यातून ऑफसेट वजा केल्यावर लांबी मावते का?

आणि सेक्टर नंबर हा प्रकारच आतल्या कोडमधून काढला. आत सगळीकडे बाइट, 64 बिट.

तीन आठवड्यांनी मिरजेला पुन्हा तालीम झाली, या वेळी डॉक्टरांच्या समोर. परत उभी केलेली डिस्क जोडली, पार्टिशन दिसलं. मी त्यांना म्हटलं, सगळ्यात जुनी तपासणी उघडा. जुन्या फाइली डिस्कच्या सुरुवातीकडे होत्या, पुसल्या गेल्या होत्या त्या त्याच.

टेक्निशियननं यादी तारखेप्रमाणे लावली आणि पहिल्या नावावर टिचकी मारली. छातीचा एक्स-रे हळूहळू वरून खाली उमटला. डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बघत राहिले. "हे आजोबा अजून येतात," ते म्हणाले. "गेल्या महिन्यातला पण काढ. दोन्ही शेजारी शेजारी लाव."