यलोनाइफच्या वाटेवर: जिथे जमीनच जळते

सह्याद्रीतला वणवा पाहिलेला माणूस इथे हमखास चुकतो, कारण तो वर बघत राहतो. आपल्याकडे गवत पेटतं, डोंगर काळा होतो आणि दोन पावसांत पुन्हा हिरवा. उत्तर कॅनडात आगीचा खरा हिशोब पायाखाली असतो.

अल्बर्टाची हद्द 60 अंश अक्षांशावर संपते. तिथून नॉर्थवेस्ट टेरिटरीज प्रांताची राजधानी यलोनाइफ साधारण सव्वापाचशे किलोमीटर आणि हमरस्ता एकच. वाटेत एंटरप्राइज नावाची इवलीशी वस्ती लागते. 13 ऑगस्ट 2023 ला आगीने तिथली बहुतेक घरं नेली. तीन दिवसांनी यलोनाइफच्या सुमारे वीस हजार लोकांना शहर सोडण्याचा आदेश निघाला. गाड्यांची रांग गेली ती याच रस्त्याने, धुरातून. त्या वर्षी कॅनडात जळालेलं जंगल दीड कोटी हेक्टरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र.

आम्ही जुलैत गेलो. रस्त्याकडेच्या एका जळितात ब्लॅक स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या बुंध्याशी बसलो, तर वीतभर उंचीवर बुंध्यातून फुटलेली मुळं हवेत लोंबत होती. इथे झाडाभोवतीचा मॉस, म्हणजे शेवाळासारखा मऊ थर, वर्षानुवर्षं वर चढत जातो आणि त्यात गाडल्या गेलेल्या बुंध्याला आगंतुक मुळं फुटतात. सगळ्यात वरचं मूळ जिथे, साधारण तिथवर आगीआधी जमीन होती. तिथून आजच्या राखेपर्यंत टेप लावला की किती जाड थर जळाला ते कळतं. अभ्यासकही हेच करतात.

हा थर म्हणजे वर जिवंत मॉस, मग अर्धवट कुजलेला पाला, खाली पीट, म्हणजे शतकानुशतकं दबून राहिलेला वनस्पतींचा काळपट गाळ. थंडीमुळे काही नीट कुजत नाही, म्हणून शतकांचा कार्बन तिथेच साठून राहतो. वाळला की तो ज्वाळेविना, उदबत्तीसारखा धुमसतो. विमानातून टाकलेलं पाणी ज्वाळा दाबतं, पण मुळाशी पोचत नाही. त्यामुळे ज्वाळा गेल्यावरही कुदळीने माती उकरायची, पाणी मारायचं, हातमोजा काढून तळहाताची मागची बाजू मातीजवळ नेत ऊब तपासायची, असं काम आगीच्या काठाकाठाने चालतं. ते घाईत उरकलं की चार दिवसांनी वारा सुटतो आणि आग काठ ओलांडते.

कॅनडात आगीचा धोका ठरवताना जमिनीचा कोरडेपणा तीन पातळ्यांवर तीन आकड्यांत मोजतात. वरचा बारीक काडीकचरा काही तासांत वाळतो, मधला सैल थर सुमारे 12 दिवसांच्या गतीने, तर खोलवरचा घट्ट थर सुमारे 52 दिवसांच्या. एका सरीने पहिला आकडा लगेच उतरतो आणि लोक निर्धास्त होतात. तिसरा जागचा हलतही नाही. हा तिसरा आकडा एरवी वसंतात 15 वर आणून नव्याने मोजायला घेतात. पण मागचं वर्ष कोरडं गेलं आणि बर्फही कमी पडलं, तर जुनी तूट पुढे ओढावी लागते. तापमानवाढीचा फटका मला इथे सर्वात स्पष्ट दिसतो. रोजच्या कामात मात्र साधा नियम चालतो: हवेची आर्द्रता टक्क्यांत आणि तापमान सेल्सियसमध्ये, हे दोन आकडे एकमेकांना भिडले (30 अंश, 30 टक्के) की आग शेंड्यांवर चढणार असं धरायचं. ब्लॅक स्प्रूसच्या खालच्या वाळक्या फांद्या शिडीचं काम करतात.

फोर्ट प्रॉव्हिडन्सला टाकी काठोकाठ भरा. मॅकेंझी नदीवरच्या 2012 च्या डेह चो पुलानंतर हे गाव लागतं आणि पुढे यलोनाइफ 315 किलोमीटर; मध्ये बेहचोको हे गाव सोडलं तर भरवशाचं काही नाही. रस्त्यावर बायसन, म्हणजे आपल्या गव्यासारखे रानबैल, उभे असतात आणि त्यांचं काळपट अंग धुरात दिसत नाही. धूर असेल तर एसी आतल्या हवेवर ठेवा आणि एन-95 मास्क लावा. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. जळितात तंबू ठोकू नका. मुळं जळलेली झाडं आवाज न करता पडतात, आणि राखेची पातळ साय फोडून पाय निखाऱ्यात जाऊ शकतो.

जळीत मेलेलं मात्र नसतं. फायरवीडच्या गुलाबी फुलांचे ताटवे होते, आणि आगीनंतरच्या पहिल्या वसंतात मोरेल अळंबी गोळा करायला लोक येतात. जॅक पाइन या चीडच्या जातीच्या झाडाच्या बोंडांवरची राळ आगीच्या उष्णतेने वितळते, तेव्हाच बी सुटतं. ब्लॅक स्प्रूसही शेंड्याला बी राखून असतो, पण बोंडांचा पुरेसा साठा व्हायला त्याला काही दशकं लागतात. त्याआधी दुसरी आग आली तर पेरायला काही उरत नाही. तिथे अ‍ॅस्पेन हे रुंद पानांचं झाड येतं, कुठे नुसतं गवत.

बेहचोकोनंतर रस्ता लाटांसारखा होतो. खालची कायम गोठलेली जमीन वितळून खचते. जळितात हेच जास्त जोरात होतं, कारण मॉसची गोधडी गेलेली आणि काळी पडलेली जमीन ऊन शोषत असते. तिथली झाडं झिंगल्यासारखी वाटेल तशी कललेली दिसतात.

काही आगी बर्फाखालीही पीटमध्ये धुमसत राहतात. मेमध्ये, विजांचा हंगाम सुरू होण्याआधीच जुन्या जळिताच्या काठावर धूर दिसला, तर तो बहुधा गेल्या वर्षीचाच असतो.