सातेरी परसात टिकवायची तर: माझा अनुभव

कोकणात परसात मधमाश्या पाळायच्या तर सातेरीच पाळावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मेलिफेरा ही युरोपातून आणलेली मधमाशी मध जास्त देते, पण तिच्या पेट्या फुलोऱ्यामागे गावोगाव न्याव्या लागतात. घरच्या दोन पेट्यांना तो खटाटोप परवडत नाही. सातेरी इथलीच: ढोलीत, वारुळात, गडग्याच्या पोटात राहणारी. फक्त उपासमार, मुंग्या, मेणकिडा, कडक ऊन किंवा सारखी उघडझाप जाचली की अख्खी वसाहत पेटी सोडून जाते. म्हणून माझी सगळी मांडणी तिला थांबवून धरण्यासाठीच आहे.

पेटी आठ चौकटींची, जुन्या वाळलेल्या लाकडाची घेतो. नव्या रंगाचा वास माश्यांना खपत नाही, त्यामुळे रंग फक्त बाहेरून, तोही महिनाभर आधी. घोडी, म्हणजे पेटीखालचा चौपाया, दीड फूट उंच, चारही पाय पाण्याच्या वाटीत. ओंबील, म्हणजे तांबड्या मुंग्या, एका रात्रीत वसाहत उठवतात, आणि पाण्यात पडलेलं एक आंब्याचं पान त्यांना पूल म्हणून पुरतं. वाट्या रोज बघाव्या लागतात. तोंड पूर्वेला, दुपारी सावली.

ढोलीतली रानटी वसाहत पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरतो, कारण पुढे काजू आणि आंब्याचा मोहोर असतो. दिवस मावळताना नारळाच्या सोडणाचा थंड, थोडा धूर देतो. पोळी एकेक करून कापायची. अंडी-अळ्यांचीच पोळी चौकटीत बांधायची. मधाची बांधली तर वजनाने फाटतात आणि सांडलेला मध मुंग्यांना बोलावतो. पोळ्याची वरची कड सुरीने सरळ करून चौकटीच्या वरच्या पट्टीला टेकवतो, वरची बाजू वरच ठेवून, आणि केळीच्या भिजवलेल्या सोपाने दोन ठिकाणी आवळतो. चार-पाच दिवसांत माश्या पोळं मेणाने चिकटवतात, सोप कुरतडतात आणि त्याचे तुकडे दारात आणून टाकतात. ते दिसले की वसाहत बसली असं धरावं. राणी लांब पोटाची, काळसर. ती आत आली की बाकीच्या आपोआप येतात. दाराला राणी अडवणारी पट्टी आठवडाभरच लावतो, कारण तिच्यातून नरही बाहेर पडू शकत नाहीत.

पेटी त्या रात्री तिथेच ठेवावी, अंधारात सगळ्या आत आल्या की हलवावी. जुनी ढोली मातीने लिंपून टाकावी, नाहीतर जवळच नेलेल्या माश्या परत तिकडेच जातात.

मोहोरावर फवारणी होते तेव्हा खरी चिंता असते. शेजारच्या बागायतदाराशी आधीच बोलून ठेवतो: फवारायचंच तर संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर. त्या रात्री दाराला जाळी लावून सकाळभर पेटी बंद ठेवतो, वर ओलं गोणपाट टाकून.

मार्च ते मे जांभूळ, अंजनी, हिरडा. वरच्या, मधाच्या कोठ्यातली चौकट तीन-चतुर्थांश मेणाने झाकली गेली की मगच मध काढायच्या यंत्रात फिरवावी. त्याआधी काढलेला मध पातळ असतो आणि आंबतो. खालच्या, अंडी-अळ्यांच्या कोठ्याला हात लावत नाही. मेच्या मध्यानंतर मध काढणं बंद, तो त्यांच्या पावसाळ्यासाठी.

जून ते सप्टेंबर हीच परीक्षा. साखर आणि पाणी सारखं घेऊन उकळून गार करतो, आठवड्याला पाव किलो साखरेचं, करवंटीत चार काड्या टाकून, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाक पेटीच्या आत आणि तिन्हीसांजेलाच द्यावा. दिवसा दिला किंवा थेंब बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. माश्यांनी झाकलेली नाहीत ती पोळी काढून घेतो, कारण मेणकिडा रिकाम्या पोळ्यातच आधी शिरतो. तळफळी, म्हणजे पेटीची तळाची फळी, आठवड्याला खरवडून मेणाचा चुरा जाळतो. छपरावर पत्रा, त्यावर झाप, आणि पेटी पुढे किंचित कललेली.

पेटी उघडल्यावर अळ्याही बघाव्यात. पोळ्याच्या घरात उभी मेलेली, टोक वर आलेली अळी चिमट्याने उचलल्यावर पाण्याच्या पिशवीसारखी लोंबली, तर तो थाई सॅकब्रूड, अळ्यांचा विषाणूजन्य रोग. त्याला औषध नाही. अशा पेटीची चौकट दुसरीत घालू नये, आणि ती हाताळल्यावर सुरी, हात साबणाने धुतल्याशिवाय दुसरी पेटी उघडू नये.