आमची वाटचाल : पालथा ओतायचा बाक

वडील कराडजवळ सिमेंटच्या चौकटी आणि कुंपणाचे खांब ओतायचे. बाक सुरू केले मी, आणि पहिल्याच खेपेला तोंडावर आपटलो.

एका मंडळानं देवळापुढं ठेवायला 6 बाक सांगितले होते. बैठक गुळगुळीत यावी म्हणून ती साच्यात पालथी ओततात. तळाला लागलेली बाजू नंतर वर येते. आमचा गडी स्लॅबच्या कामातला. त्यानं सवयीनं सळ्या तळाशी टाकल्या. मी बघितलं, मलाही बरोबरच वाटलं. बैठक सुलटी केल्यावर सळ्या गेल्या वर, आणि माणूस बसला की ताण येतो खालच्या अंगाला! आठवड्यात दोन बाक मधोमध चिरले. कुणाला लागलं नाही, हे नशीब. सहाच्या सहा बदलून दिले. नफा राहू दे, ट्रॅक्टरचं भाडंही अंगावर पडलं.

तेव्हापासून सळ्या मी स्वतः बघतो. साच्यात वरच्या अंगाला, पण तोंडापासून 20 मिलिमीटर तरी आत. नाहीतर पावसाळ्यात सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट उडवते.

अक्षरांचंही तसंच. आमचे निम्मे बाक कुणाच्या ना कुणाच्या ‘स्मरणार्थ’ जातात. पाठीवरच्या नावाची अक्षरं साच्यात उलटी चिकटवायची, त्यात पहिली आणि दुसरी वेलांटी हमखास फसवते. एकदा एक गृहस्थ बाक न्यायला आले, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, “मालक, आईचं नाव चुकलंय.” ती पाठ त्यांच्यासमोरच फोडली. आता ओतण्याआधी साच्यावर आरसा धरून वाचतो.

घाई मात्र कुणाचीच ऐकत नाही. गोणपाट घालून किमान 10 दिवस पाणी, आणि 28 दिवस झाल्याशिवाय माल गाडीत चढत नाही. “आचारसंहितेच्या आत पाहिजेत,” म्हणणारे दर निवडणुकीला येतात. त्यांनी महिनाभर आधी यावं. आचारसंहितेत बाकांवरच्या त्यांच्याच नावांवर कागद चिकटवायचं काम आमच्याकडं नाही.

एका ग्रामपंचायतीकडं बिल दोन वर्षं अडकलंय. चौकशीला गेलो की बसायला आमचाच बाक असतो. उठताना वाकून बैठकीखाली हात फिरवतो, चीर लागते का बघायला. अजून तरी नाही.