आमची वाटचाल : तलावात टिकेल असं बीज

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे एकेकाळी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले आपले मामा तलाव, 6 हजारांहून जास्त आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पुढे बहुतेक ठिकाणी मासेमारी ढीवर या मासेमार समाजातल्या बांधवांच्या सोसायट्यांकडे आली. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली आमची मत्स्यबीज नर्सरी याच सोसायट्यांच्या जिवावर उभी आहे.

नर्सरी काढायचं कारण घरातच होतं. बाबा सोसायटीचे सभासद. बाहेरून आलेलं जिरं, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं, पावसाळ्यात तलावात पडायचं आणि उन्हाळ्यात जाळं ओढताना बाबा म्हणायचे, "बीज टाकतो आपण, अन् पोसते मरळ." मरळ म्हणजे लहान मासे खाणारा तलावातलाच मासा. 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधरींनी ओडिशात पीयूष ग्रंथीचं इंजेक्शन देऊन रोहू-मृगळसारख्या कार्प माशांची पैदास करून दाखवली. तेव्हापासून जिऱ्यासाठी नदीच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. पण 5-6 मिलिमीटरचं जिरं मरळीच्या तलावात किती टिकणार? ते वाढवून द्यायचं, एवढंच आम्ही ठरवलं. बँकेच्या चकरा झाल्या, धानाच्या बांधीत तळी खोदली.

तळ्यात आधी मोहाची पेंड टाकतो, एकरी साधारण 1 टन. तिच्यानं नको असलेले मासे मरतात आणि दोन-तीन आठवड्यांनी विष उतरलं की तीच पेंड खत होते. जिरं सोडायच्या आदल्या दिवशी साबण-तेलाचं मिश्रण पाण्यावर पसरतो, म्हणजे श्वासासाठी वर येणारे पाणकिडे गुदमरतात. हे टाळलं तर किडेच जिरं संपवतात.

आमचा खरा भर वर्षभर जपलेल्या बोटुकलीवर, म्हणजे बोटाएवढ्या वाढवलेल्या पिल्लांवर. दाटीत, बेताच्या खाद्यावर ठेवलेली कटला, रोहू, मृगळ पहिल्या वर्षी खुंटलेली दिसतात, पण मोकळ्या पाण्यात सोडली की झपाट्यानं भरतात. आमचे कितीतरी तलाव फेब्रुवारी-मार्चमध्येच तळ गाठतात. तिथं वाढीला सात-आठ महिनेच मिळतात, म्हणून हे बीज महाग असूनही परवडतं. भाव ऐकून कपाळाला आठ्या घालणारे काका दुसऱ्या वर्षी स्वतःहून फोन करतात.

पाठवणीच्या आदल्या दिवशी बोटुकली हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात, उपाशी ठेवतो. पोट रिकामं असलं की ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतलं पाणी घाण होत नाही. मोजणी सभासदांसमोरच. कोणतीही वाटी त्यांनीच उचलावी, त्यातले मासे त्यांनीच मोजावेत, मग त्या हिशोबानं वाट्या. या धंद्यात भांडणं मोजणीवरूनच होतात. तलावावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, तापमान जुळलं की तोंड सोडायचं. बीज मासे स्वतःहून बाहेर पडतात, पिशवी उपडी करायची नाही.

काही तरुण ट्राउट मागतात. ट्राउटला बारमाही थंड, वाहतं पाणी लागतं. काश्मीर, कुल्लू, उटीकडे ते आहे. आमच्या मे महिन्यात ती जगणार नाही, म्हणून आम्ही सरळ नाही म्हणतो, भले गिऱ्हाईक गेलं तरी.

मोहाची पेंड आम्ही फक्त आमच्या तळ्यांत वापरतो, मामा तलावात टाकायला कुणालाही सांगत नाही. तिथले मरळ, शिंगी, वाघूर हे ढीवरांच्या घरचं रोजचं कालवण आहे, आणि बाजारात मरळीला रोहूपेक्षा जास्त भाव मिळतो. बोटुकली मोठी असेल तर दोन्ही एकाच तलावात नांदतात.

यंदा बोटुकलीसाठी आणखी एक तळं खोदलंय. सोसायट्यांनी मागणी अक्षय्य तृतीयेपर्यंत कळवावी, म्हणजे पहिल्या पाण्याला बीज तयार राहील.